प्लॉट बघायला जाताय? आधी कबाडीवाल्याला विचारा, 'काच घेता का?'

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, ह्याचं डोकं फिरलं. घर कुठे घ्यायचं आणि फुटकी बाटली कुठे टाकायची, हे दोन प्रश्न एकाच भागात? हो, एकाच भागात. कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला निघालं की पहिल्याचं अर्धं उत्तर वाटेतच सापडतं. कसं, ते सांगतो.

थोडी पार्श्वभूमी. माझं काम सॉफ्टवेअरचं, लॅपटॉप आणि नेट असलं की कुठूनही चालतं. आणि घरी सध्या एकच चर्चा आहे: बाबांच्या निवृत्तीच्या पैशातून पांढरकवड्याच्या कडेला प्लॉट घ्यायचा का? ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी, यवतमाळ जिल्ह्यातल्या या तालुक्याचं नाव केळापूर, पण तालुक्याची सगळी कचेरी-बाजारपेठ पांढरकवड्यात. केळापूर हे गाव तिथून अगदी जवळ, जगदंबेच्या देवळासाठी प्रसिद्ध. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ इथूनच जातो. कापसाचा पट्टा, जिनिंग, आणि एका बाजूला टिपेश्वर अभयारण्य. म्हणजे तालुक्याचं गाव असलं तरी ये-जा भरपूर.

अशा गावांच्या कडेला आता एकच पीक जोरात आहे, लेआउटचं. शेताच्या जागी मुरमाचे रस्ते, पांढऱ्या चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खांब आणि एक मोठा फ्लेक्स. त्या फ्लेक्सवर महामार्ग किती मिनिटांवर, शाळा किती मिनिटांवर, बसस्टँड किती मिनिटांवर, सगळं लिहिलेलं असतं. कचरा कुठे जातो, हे लिहिलेला फ्लेक्स मी अजून बघितलेला नाही.

काचच का?

आता तुम्ही म्हणाल, कचऱ्याचंच विचारायचं तर सरळ घंटागाडी येते का ते विचार ना, काच कशाला मध्ये आणतो?

कारण घरातल्या बाकी सुक्या कचऱ्याला कोणी ना कोणी मालक आहे. लोखंड, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम यांना भाव आहे. रद्दीला आहे, खोक्यांना आहे, पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांनाही आहे. ह्या वस्तू तुम्ही रस्त्यावर ठेवल्या तरी संध्याकाळपर्यंत कोणीतरी उचलतो. ओला कचरा तर गाईगुरं आणि डुकरं संपवतात, ते चांगलं की वाईट हा वेगळा भाग. पण लोणच्याची फुटलेली बरणी? ती तिथेच राहते. आज राहते, दिवाळीपर्यंत राहते, तुमची मुलं मोठी होईपर्यंत राहते. काच कुजत नाही, गंजत नाही, उन्हाने विरत नाही.

म्हणून एखाद्या वस्तीत व्यवस्था खरंच पोचली आहे का, हे ओळखायला काच चांगली कसोटी आहे. जिला भाव नाही ती वस्तूही जिथून नीट उचलली जाते, तिथे कोणीतरी जबाबदारी घेतलेली असते. आणि जिथे मोकळ्या प्लॉटवर काचा चमकत असतात, तिथे भंगारवाले येत असले तरी कचऱ्याची व्यवस्था आलेली नाही असं समजा.

आपल्या काळ्या मातीत तर ह्याला अजून एक बाजू आहे. उन्हाळ्यात ही माती फाटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचे तुकडे त्या भेगांत जातात. पावसाळ्यात माती फुगते, भेगा मिटतात आणि आत गेलेल्या गोष्टी वर-खाली होत राहतात. म्हणून काळ्या मातीला स्वतःच स्वतःला नांगरणारी माती म्हणतात. आता विचार करा, कोणी ५ वर्षांपूर्वी टाकलेली काच तुमच्या अंगणात तुळस लावताना आईच्या हाताला लागू शकते. मोकळ्या प्लॉटवर अनवाणी क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचं तर विचारूच नका.

भंगारवाला काच का घेत नाही?

कुठल्याही कबाडीवाल्या भाऊंना विचारा, संवाद साधारण असाच होतो.

"भाऊ, काच घेता का?"

"काच? नाही बा. लोखंड द्या, रद्दी द्या. बाटल्या अख्ख्या असतील तर बघतो."

यात त्यांचा आळस नाही, सरळ हिशेब आहे. बिअरची मोठी रिकामी बाटली साधारण अर्धा किलो भरते. काच पाण्याच्या अडीच पट जड. हातगाडीवर किंवा सायकलवर माल गोळा करणाऱ्याला प्रत्येक किलो स्वतःच्या पायांनी ओढायचा असतो. त्याच वजनाच्या लोखंडाला किंवा ॲल्युमिनियमला कितीतरी जास्त पैसे मिळतात. वर काच हात कापते, पोती फाडते, आणि फुटली की अख्ख्या बाटलीचा जो काही भाव होता तोही जातो.

दुसरा प्रश्न अंतराचा. फुटकी काच शेवटी जिथे भट्टी आहे तिथेच विकली जाते. पांढरकवड्याहून नागपूर साधारण १५० किलोमीटर. लहान भंगारवाला, मोठा गोदामवाला, मग शहरातला काचेचा व्यापारी, मग कारखाना अशी ही साखळी असते. प्रत्येक टप्प्यावर गाडीभाडं आणि हमाली. कमी किमतीचा आणि जड माल म्हटल्यावर भाडंच मालाला खाऊन टाकतं. मोठ्या शहरात हे गणित जमतं कारण माल थोड्या अंतरात भरपूर मिळतो. तालुक्याच्या गावात माल विखुरलेला आणि भट्टी लांब.

म्हणजे अडचण समजली ना? काच पुन्हा वापरता येत नाही म्हणून पडून राहते असं नाहीये. एका जागी पुरेशी जमत नाही म्हणून पडून राहते. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा उपाय ह्यावरच उभा आहे.

भट्टीत नेमकं काय होतं?

थोडं विज्ञान. बाटलीची काच मुख्यतः वाळू, सोडा आणि चुनखडी यांपासून होते. हे मिश्रण १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून वितळवतात. त्यात जुनी फुटकी काच घातली तर दोन फायदे. एक, काच आधीच काच झालेली असते, त्यामुळे ती कमी उष्णतेत वितळते. साधारण हिशेब असा की मिश्रणात दर १० टक्के जुनी काच वाढवली की इंधन अडीच ते तीन टक्के वाचतं. दोन, सोडा आणि चुनखडी तापवताना त्यांच्यातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जुनी काच वापरली तर तो तेवढा पडत नाही, आणि नदी-डोंगर खणायचं कामही तेवढं कमी होतं.

कागद पुन्हा पुन्हा वापरला की त्याचे धागे आखूड होतात, प्लॅस्टिकचा दर्जा उतरतो. काचेचं तसं होत नाही. आज वितळवा, १० वर्षांनी वितळवा, काच ती काचच.

आणि हा धंदा आपल्याला परका नाही. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसाफंडातून तळेगाव दाभाड्याला १९०८ मध्ये काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांची ती कल्पना, आणि लोकमान्य टिळकांचा तिला पाठिंबा. पुढे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले काच कारखाना निघाला, त्या जागेचं नावच ओगलेवाडी पडलं. तुमच्या आजोबांना 'प्रभाकर कंदील' विचारा, लगेच आठवेल. तो ओगल्यांचा.

फुटक्या काचेला आपल्याकडे कायम गिऱ्हाईक होतं. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये झाली तिचं नाव काय आहे? 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. कागद, काच आणि पत्रा या तीन गोष्टींवर पोट असलेल्या माणसांची संघटना. काच त्या नावातच बसली आहे.

घरात काच कशी वेगळी करायची

आता कामाचं. सगळी काच एका जातीची नसते आणि सगळी एकत्र केली की कोणीच घेत नाही. मी चार ढीग सांगतो.

पहिला ढीग: अख्ख्या बाटल्या. बिअरच्या, सरबताच्या, सॉसच्या. यांना वितळवायची गरजच नाही, धुऊन पुन्हा भरता येतात. आपल्याकडे बिअरच्या जुन्या बाटल्या गोळा होऊन पुन्हा भरल्या जातात, त्यामुळे कबाडी अख्खी बाटली घेतो. गोटी सोडा आठवा, ती बाटली तर दुकानातच पिऊन परत द्यायची, घरी न्यायचा प्रश्नच नाही. म्हणून पहिला नियम: अख्खी बाटली फोडू नका. पोत्यात जास्त मावतात म्हणून काही जण फोडतात, तिथेच तिची किंमत जाते.

दुसरा ढीग: फुटक्या बाटल्या आणि बरण्या. झाकण काढा, आतलं लोणचं-जॅम पाण्याने विसळा, लेबल राहिलं तरी चालतं. जमलं तर रंग वेगळे ठेवा: पांढरी, हिरवी, तपकिरी. पांढऱ्या काचेत तपकिरी मिसळली तर तिची पुन्हा पांढरी बाटली होत नाही, त्यामुळे रंगवार मालाला गिऱ्हाईक लवकर मिळतं.

तिसरा ढीग: सपाट काच. खिडकीची, टेबलावरची, आरसा. ही बाटलीच्या काचेत टाकू नका. आरशाला मागे धातूचा थर असतो. खिडकीच्या काचेचं तुमच्या गावच्या काच-फ्रेमवाल्याला विचारा, त्याच्याकडे कापलेल्या तुकड्यांचा ढीग असतोच, तो कुठे देतो ते तो सांगेल.

चौथा ढीग, आणि हा महत्त्वाचा: दिसायला काच, पण काचेत चालत नाही ते सगळं. चिनीमातीचे कप आणि बश्या. ओव्हनमध्ये चालणारी जाड भांडी. ट्यूबलाइट आणि सीएफएल. पाऱ्याचा थर्मामीटर. जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब. इंजेक्शनच्या कुप्या. चिनीमाती भट्टीत वितळत नाही, तिचा खडा नव्या बाटलीत अडकतो आणि बाटली तिथेच तडकते. ओव्हनची काच वेगळ्या तापमानाला वितळते. ट्यूबलाइटमध्ये पारा, जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये शिसं. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरच्या कचऱ्याचे ओला, सुका आणि घातक असे तीन भाग सांगितले, त्यात पारा असलेले दिवे, थर्मामीटर आणि वापरलेल्या सुया घातक भागात येत होत्या. पिक्चर ट्यूब ई-कचऱ्यात.

आणि आपल्या भागासाठी एक पाचवी गोष्ट वेगळी सांगतो. कीटकनाशकाची बाटली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. औषधाची रिकामी बाटली, मग ती काचेची असो की प्लॅस्टिकची, घरच्या बाटल्यांत मिसळायची नाही. धुऊन तेल-रॉकेल भरायला वापरायची नाही आणि कबाडीला पुन्हा भरण्यासाठी द्यायची नाही. तिच्या लेबलवर विल्हेवाटीची सूचना असते, ती पाळायची.

घेणारा कसा शोधायचा?

फोन हातात आहेच, तर तो वापरू. पण 'रिसायकलिंग' असं टाइप करून तालुक्याच्या गावात फारसं काही सापडत नाही. कारण जो माणूस हे काम करतो तो स्वतःला रिसायकलर म्हणवत नाही. त्याच्या पाटीवर लिहिलेलं असतं 'भंगार' किंवा 'कबाडी' किंवा 'स्क्रॅप मर्चंट'. नकाशावर हे तीन शब्द शोधा, मराठीत आणि हिंदीत.

मग फोनवर 'काच घेता का' एवढंच विचारून ठेवू नका, कारण उत्तर 'नाही' येतं. असे विचारा:

अख्ख्या बाटल्या घेता का, कोणत्या घेता?

फुटकी काच तुम्ही घेत नसाल, तर इथे कोण घेतं?

किती पोती जमली तर तुम्ही न्यायला याल?

तिसऱ्या प्रश्नात खरी मेख आहे. एक पोतं कोणी नेणार नाही. १५ पोती एका जागी बांधून ठेवलेली असली तर विचार होतो.

विचारण्याचा क्रमही ठरवून घ्या. आधी पांढरकवड्यातले दारोदार फिरणारे, मग गावातलं गोदाम, मग यवतमाळ आणि वणी, मग नागपूर. आदिलाबाद दुसऱ्या राज्यात असलं तरी महामार्गावरच आहे, नागपूरपेक्षा बरंच जवळ, आणि भंगाराच्या धंद्यात राज्याची सीमा फार कोणी मोजत नाही. एक युक्ती अजून. माल उतरवून रिकामा परतणारा ट्रक किंवा पिकअप परतीचं भाडं कमी घेतो. बाजारपेठेच्या गावात अशा गाड्या रोज असतात. जड आणि स्वस्त मालाला परतीची गाडी मिळाली तरच हिशेब बसतो.

हिशेब करून बघू या. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, प्रत्यक्ष तुमच्याकडे मोजा. समजा लेआउटमध्ये ६० घरं आहेत आणि घरामागे महिन्याला २ किलो काच निघते. महिन्याला १२० किलो. सहा महिन्यांत ७२० किलो. म्हणजे साधारण एक छोटा हत्ती भरून. वर्षातून दोन खेपा. सोसायटीच्या खुल्या जागेत किंवा कोणाच्या कंपाउंडच्या कोपऱ्यात पत्र्याचे तीन ड्रम, रंगानुसार, झाकण असलेले. झाकण का? उघड्या ड्रममध्ये पाणी साचलं की डास. एवढीच सगळी यंत्रणा.

यातून कोणी श्रीमंत होणार नाही. गाडीभाडं निघालं तरी खूप झालं. पण ७२० किलो काच नालीत आणि मोकळ्या प्लॉटवर गेली नाही, हा खरा फायदा.

एक अडचण मात्र पैशाची नाही, लाजेची आहे. दारूच्या बाटल्या कबाडीला देताना शेजारी बघतील म्हणून रात्री पिशवीत बांधून नाल्यात टाकणारी सभ्य घरं प्रत्येक गावात आहेत. ड्रम सगळ्यांचा असला की कोणाची बाटली कोणती हे कोणी बघत नाही. हाही एक फायदाच समजा.

वस्ती बघताना

आता मूळ प्रश्नाकडे. प्लॉट किंवा भाड्याचं घर बघताना सातबारा, अकृषक आदेश, मंजूर नकाशा हे सगळं बघायचंच. सातबारा तर महाभूलेखवर फोनवरही दिसतो. ते मी इथे पुन्हा सांगत नाही. त्याच्या जोडीला हे चार प्रश्न घ्या.

एक. ही जागा नगरपरिषदेच्या हद्दीत आहे की शेजारच्या ग्रामपंचायतीच्या? गावाच्या कडेच्या लेआउटमध्ये हा प्रश्न सगळ्यात मोठा असतो. पत्ता शहराचा सांगतात, पण कराची पावती ग्रामपंचायतीची निघते. ग्रामपंचायत वाईट असं अजिबात नाही, पण शहराची घंटागाडी हद्दीच्या रेषेवरून मागे वळते. शेजाऱ्याची कराची पावती बघायला मागा, उत्तर त्यावर छापलेलं असतं. हद्द नगरपरिषदेची असेल तर केंद्र सरकारच्या 'स्वच्छता' ॲपवर फोटोसह तक्रार करता येते. ग्रामपंचायतीची असेल तर ग्रामसभेत उभं राहून बोलावं लागेल. दोन्ही रस्ते चालू आहेत, फक्त आपला कोणता ते आधी माहीत हवं.

दोन. पावसात गाडी आत येते का? काळ्या मातीवर नुसता मुरूम टाकलेला रस्ता जुलैत गाडीचं चाक गिळतो. घंटागाडी आत आली नाही की लोक कचरा कोपऱ्यावर नेऊन ठेवतात, आणि दोन महिन्यांत त्या कोपऱ्याचा उकिरडा होतो. म्हणून जमलं तर प्लॉट एकदा पावसाळ्यात बघा. मार्च-एप्रिलमध्ये सगळेच लेआउट सुंदर दिसतात.

तीन. लेआउटची खुली जागा कुठे आहे आणि सध्या तिच्यावर काय पडलंय? मंजूर नकाशात खुली जागा दाखवलेली असते. प्रत्यक्ष जाऊन उभे राहा. तिथे बाक आणि झाडं आहेत, की बांधकामाचा मलबा आणि बाटल्या? बाटल्या असतील तर त्या कोणाच्या, हेही बघा. घरच्या बरण्या असतील तर वस्तीला व्यवस्था नाही. नुसत्या दारूच्या बाटल्या असतील तर रात्री तिथे बैठका बसतात, आणि ती माहिती तुमच्या आई-बाबांसाठी फ्लेक्सवरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा महत्त्वाची आहे.

चार. तीन माणसांशी बोला: जवळच्या किराणा दुकानदाराशी, घंटागाडीवरच्या भाऊंशी, आणि दारावर येणाऱ्या कबाडीवाल्याशी. प्लॉट विकणाऱ्याला जे सांगायचं नसतं ते या तिघांना रोज दिसतं. घंटागाडीवरच्या भाऊंना विचारा, इथून काच कशी येते? ते पिशवीत लपलेल्या काचेने कापलेला हात दाखवतील, तर ती वस्ती कशी आहे ते कळलं. कागदात गुंडाळून वेगळी देतात म्हणाले, तर तिथे शेजारी चांगले मिळणार.

ह्या शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबतो. फुटलेली काच जाड कागदात किंवा खोक्यात बांधून, वर 'काच' असं पेनाने लिहून वेगळी द्यायला एक मिनिट लागतं. ओल्या कचऱ्याच्या पिशवीत ती टाकली तर पुढे जो माणूस हाताने कचरा वेगळा करतो, त्याला ती दिसत नाही. हात कापला की त्याचा त्या दिवसाचा रोज जातो. वर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला धावायचं ते वेगळंच. हे टाळायला कुठलीही योजना, ॲप किंवा निधी लागत नाही.

हे सगळं आपणच करायचं का?

हा प्रश्न रास्त आहे. जगात काही ठिकाणी बाटलीची किंमतच अशी ठरवली आहे की ती परत येतेच. जर्मनीत बाटली घेताना अनामत भरायची आणि सुपरमार्केटमधल्या यंत्रात बाटली टाकली की पैसे परत. लांब कशाला, तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात जंगलात दारूच्या बाटल्या पडून हत्तींचे पाय कापायला लागले, तेव्हा प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. २०२२ मध्ये तिथल्या सरकारी दारू दुकानांत बाटलीमागे १० रुपये जास्त घेऊन, रिकामी परत केली की ते परत द्यायची पद्धत सुरू झाली. नंतर ती इतर जिल्ह्यांतही नेली.

टिपेश्वरच्या वाटेवर पर्यटक वाढतायत, महामार्गावर ढाबे आहेत. १० रुपयांची अशी अनामत इथेही असती तर रस्त्याकडेची बाटली उचलायला कोणाला सांगावं लागलं नसतं. कबाडीवाल्याला तोच माल परवडायला लागला असता. ही मागणी नगरपरिषदेकडे, आमदारांकडे करायलाच हवी. पण ती मंजूर होईपर्यंत बाटल्या थांबणार नाहीत, म्हणून ड्रम आणि छोटा हत्ती.

आमच्या घरी प्लॉटचा निर्णय अजून झालेला नाही. दोन लेआउट यादीत उरले आहेत. एकाचा दर कमी आहे पण रस्ता कच्चा आणि हद्द ग्रामपंचायतीची. दुसरा थोडा महाग, गाडी दारापर्यंत येते. बाबांचं मत पहिल्याकडे झुकतंय, आईचं दुसऱ्याकडे. पाऊस पडला की दोन्हीकडे पुन्हा जाणार आहोत, तोवर कोणालाही बयाणा द्यायचा नाही असं ठरलंय.

तुम्हाला एक काम देतो. या आठवड्यात तुमच्या गल्लीत येणाऱ्या कबाडीवाल्या भाऊंना तो तिसरा प्रश्न विचारा: किती पोती जमली तर न्यायला याल? जो आकडा सांगतील तो मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा, गावाचं नाव सांगायला विसरू नका. पुरेसे आकडे आले तर पुढच्या एखाद्या भागात विदर्भातल्या गावांची यादीच करू. तोवर बरण्या विसळून ठेवा, आणि अख्खी बाटली फोडू नका. भेटू पुढच्या भागात!